न लिहिलेल्या वाट्याचा कर

आबा, तुमच्या ट्रस्टचे पैसे मागच्या दिवाळीलाही टॅक्स कापूनच आले. दर साली दिवाळीच्या आधी काकाचा फोन येतो, "टाकले बरं का, टॅक्स जाऊन जे उरलं ते," आणि मी हो म्हणून फोन ठेवतो. तुमी गेलात तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मी गुजरातमधी टाईलच्या कारखान्यात आहे, त्याआधी पुण्यात गोडाऊनवर होतो, त्याच्याही आधी हैदराबादला हॉटेलात. एका ठिकाणी माझा पाय टिकत नाही. आठवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी हे लिहायला बसलो, कारण जे विचारायचं आहे ते दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. वारंगा फाट्याला रोडच्या कडेचे गाळे तुमी ट्रस्टमधी टाकले, आमा तीन नातवंडांसाठी: मी, माझी बहीण आणि काकाचा पोरगा. सांभाळायला काकाला नेमलं. पण कुणाचा वाटा किती, ते कुठंच लिहिलं नाही. ज्याला जशी गरज दिसेल तसं काकानं द्यावं, एवढंच लिहिलं. गावात ट्रस्ट म्हणलं की लोकांना मंदिराचाच ट्रस्ट कळतो. पोरं मला चिडवायची, तुमच्या घरावर कळस कवा बसवून राहिले म्हणून. मी चिडायचो, तुमी हसायचे. काहून असं केलं तुमी, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे माझं डोकं कसं चालतं ते तुमाला कळेल. भट्टीतून टाईल बाहेर येते, पट्ट्यावरून पुढं सरकते, आणि मी तिला उजेडात तिरपी धरून बघतो, बोटानं वाजवून बघतो. चांगली टाईल खणखणीत वाजते. आतून चीर गेलेली भदभद वाजते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हीवर तीच फुलं, तीच चकाकी. दिवसभर प्रत्येकीवर संशय घ्यायचा, त्याचाच पगार मिळतो. मग खोलीवर आलो तरी डोकं तेच करत बसतं. मेसवाला जास्त गोड बोलला की मी म्हणतो, डाळीत पाणी घातलं असेल. काकाचा आवाजही मी फोनवर असाच वाजवून बघतो. टॅक्स म्हणताना तो थोडा अडखळला का? पटकन बोलून मोकळा झाला का? काही वर्षं मी नुसतं ऐकून घेतलं. मग खोलीतला एक बिहारचा गडी म्हणला, आपल्या कमाईवर कसला टॅक्स, आपण कुठं शेठ लागून गेलो. त्याच्या ठेकेदारानं एकदा थोडे पैसे कापले होते, तर मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं रिटर्न भरून ते सगळे परत आणून दिले. मी म्हणलो, मग माझेही येतील.

दुकानातल्या पोरानं माझं पॅन कार्ड घेतलं, मोबाईलवर आलेला नंबर विचारला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत बसला. मग म्हणला, "भाई, आपके नाम पे तो कुछ कटा ही नहीं." मी म्हणलो, नीट बघ. त्यानं मागच्या सालाचं बघितलं, त्याच्या मागच्या सालाचं बघितलं. "कुछ नहीं. जिसने बोला उसने बनाया आपको." आबा, खरं सांगतो, मला राग यायच्या आधी बरं वाटलं. चीर सापडली की बरं वाटतं तसं. इतकी वर्षं बोट मारून बघत होतो, आज आवाज आला. माझ्या नावावर टॅक्स कापलेलाच नाही, म्हणजे काका तो खाऊन राहिला, इतकं सरळ गणित होतं. मी सुट्टी टाकली आणि गाडीत बसलो.

गाडीत मला तुमीच आठवत होते, आणि खरं तर तुमच्यावरही माझा विश्वास राहिला नव्हता. मी लहान असताना तुमी जमीन दोन पोरांना वाटून दिली होती. सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव चढलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात बापानं त्याचा वाटा विकला. काळी-पिवळी जीप घेतली, फाटा ते नांदेड शिटा भरायला. जीपच्या पुढच्या काचेवर त्यानं लाल झालर लावली होती, ती मला अजून दिसते. जीप बंद पडली, मग विकली, मग बापही आजारी पडून गेला. तुमी त्याला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं, घरात नुसतं तुमच्या काठीचं वाजणं ऐकू यायचं. मग एक दिवस तुमी मला एसटीत बसवून हिंगोलीला नेलं. टॅक्सच्या वकिलांचं ऑफिस माडीवर, तुमी आणि काका वर गेलात, मला खाली पायरीवर बसवलं. वरून तुमचा आवाज आला, "लिवायचं न्हाई म्हंजे न्हाई." बाजूच्या टपरीवाल्यानं सुद्धा वर पाहिलं. खाली आलात तेव्हा कपाळाला घाम होता. तुमी मला बाजारात नेऊन चामड्याचा पट्टा घेऊन दिला, माझ्या कमरेला दोन वेढे बसतील एवढा लांब. दुकानदार म्हणला, लेकराला लहान दाखवू का? तुमी म्हणले, "मोठा राहू द्या. त्यो भोकं पाडून घेईल." तो पट्टा अजून माझ्या कमरेला आहे. आता भोकं पाडायची गरज राहिली नाही. पण गाडीत बसल्या बसल्या मला वाटलं, त्या दिवशी माडीवर तुमी आणि काकानं मिळून काय ठरवलं होतं? बापाची पोरं म्हणून आमाला कमी द्यायचं ठरलं होतं का?

फाट्यावर उतरलो तर काका आपल्याच गाळ्याच्या ओट्यावर बसलेला, टायरवाल्या भाडेकरूच्या खुर्चीत, हातात बशी. त्याचे केस पांढरे झालेत, बसणं हुबेहूब तुमच्यासारखं. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"काका, टॅक्स कुणाचा कापता तुमी?"

"आलास व्हय? फोन तरी करायचा. च्या घे."

"माझ्या नावावर कायबी कापलेलं न्हाई. मी बघून आलो."

टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मान वर न करता म्हणला, "मालक, नातू हिशेबाला आला वाटतं."

"पुतण्या हाये," काका म्हणला. "नातू असता तर आधी पाया पडला असता."

मी पाया पडलो, कारण लोक बघत होते. काकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. तो चिडेल, शपथा घेईल, तुमचं नाव काढेल, असं मी धरून चाललो होतो. तो बशीतला चहा संपवून उठला. "उद्या हिंगोलीला जाऊ. मी सांगितलं तर तू म्हणशील, काका गोड बोलून राहिला. ज्यानं लिवलं त्याच्याच तोंडून ऐक." मला तेही खटकलं. इतका बराबर तयार कसा काय हा माणूस? रात्री जेवताना काकूनं माझ्या ताटात तूप जास्त वाढलं, तर मी तुपाकडंही बघत बसलो.

टॅक्सचे वकील आता म्हातारे झालेत, ऑफिस तेच, माडी तीच. काका आणि ते एकमेकांशी फार बोलले नाहीत, म्हणून मी मनात म्हणलो, ठरवून आलेत. वकिलांनी मला विचारलं, "तू तो पायरीवर बसलेला मुलगा ना? पट्टा घेऊन दिल्याचं आबा मागून सांगत होते." मी कमरेवर शर्ट ओढून घेतला. मग त्यांनी सावकाश सांगितलं. "ट्रस्टला भाडं येतं. सरकार विचारतं, हे उत्पन्न कुणाचं? कागदावर वाटे ठरलेले असले, अमक्याचा एवढा, तमक्याचा एवढा, तर ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरून ज्याचा त्याचा कर. तुझी कमाई लहान, तुला जवळजवळ काहीच लागला नसता. पण तुमच्या कागदात वाटेच नाहीत. कुणाला किती द्यायचं ते काकांच्या मर्जीवर. मग सरकार म्हणतं, कुणाचं ते ठरलेलं नाही ना, तर आम्ही सगळ्यात श्रीमंत माणसाच्या दरानं घेणार. तो कर ट्रस्टच भरतो, ट्रस्टच्या नावानं. उरलेलं तुमच्या हातात येतं, त्यावर पुन्हा कर नाही. म्हणून तुझ्या नावावर काही दिसत नाही आणि म्हणूनच तुला काही परत मिळणार नाही."

मी विचारलं, "एवढा टॅक्स लागतो हे आबाला ठावं नव्हतं?"

"मी याच खुर्चीत बसून सांगितलं त्यांना. नातवंडांचे वाटे लिहा, कर वाचेल. ते म्हणाले, एकदा लिहून बघितलं, आता लिहायचं नाही. लिहिलेलं विकता येतं. मी म्हणालो, आबा, दरवर्षी भुर्दंड बसेल. ते म्हणाले, बसू द्या. पंगतीत कुणी पत्रावळीवर नाव घालून ठेवतं का?"

पंगत म्हणल्यावर मला नरसी आठवली. तुमी सालातून एकदा नामदेवाच्या दर्शनाला जायचे आणि भंडाऱ्यात वाढायला उभे राहायचे. धोतर वर खोचलेलं, एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात ओगराळं. मी तुमच्या पुढं मीठ वाढत चालतोय. एक मळक्या टोपीचा माणूस बसलेला आहे, त्याला तुमी दोन ओगराळी वरण घालता, त्याच्या बाजूच्या जाकीटवाल्याला अर्धंच. मी मोठ्यानं विचारतो, "आबा, याला दोनदा काहून?" पंगतीतले हसतात, मळक्या टोपीचा माणूस मान खाली घालतो. तुमी बादली खाली ठेवून माझा कान धरता, दुखेल असा. "वाढणाऱ्यानं पत्रावळीकडं बघावं. तोंडाकडं बघितलं की हात चुकतो." कान सोडून तुमी पुढं जाता, आणि त्या माणसाला परत येऊन बुंदी घालता, तोंडाकडं न बघता. तर हा तुमचा ट्रस्ट. पंगतीचा कायदा तुमी गाळ्यांना लावला. तुमाला बापाचा धडा बसला होता, तो मी समजतो. पण मग हेही ऐका की तुमच्या त्या संशयाचा टॅक्स आमी भरून राहिलो, दर साली, सगळ्यात श्रीमंत माणसाच्या दरानं. आणि ज्याच्या हातात ओगराळं दिलं त्यानं बराबर वाढलं का, हे बघायला तुमी कुणाला ठेवलं?

हे मी वकिलांना जरा निराळ्या शब्दात विचारलं. ते म्हणाले, "काकांवर भरवसा नसेल तर सोपं आहे. तुम्ही तिघंही आता सज्ञान आहात. तिघांनी एकमतानं मागितलं तर ट्रस्ट मोडून गाळे वाटून घेता येतात. मग ज्याचं भाडं त्याच्या नावावर, करही वाचेल." काका खिडकीतून खाली बघत होता. म्हणला, "तुझ्या बहिणीला विचारलं मी, आमच्या पोराला बी विचारलं. दोघं म्हणतेत, दादा म्हणेल ते. आता तू सांग. मी बी मोकळा होईन." म्हणजे सगळं माझ्यावर आलं होतं. मी म्हणलो, कारखान्यात जाऊन विचार करून कळवतो. तिथंच हो म्हणून टाकावं असं जिभेवर आलं होतं. माझा गाळा, माझ्या नावाचा, टॅक्स नाही, काका नाही. काय वाईट होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी काकाचा पोरगा मला मोटरसायकलवर नांदेडच्या स्टेशनला सोडायला निघाला. तो माझ्याहून लहान, शेती बघतो, लहानपणी माझ्या मागं मागं फिरायचा. वाटेत दोन्ही बाजूंना हळद उभी होती. मग एका टपरीवर थांबलो आणि त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातात देता देता विचारलं, "सापडला का दादा चोर?"

"असं काहून बोलतो?"

"मंग कसं बोलू? दोन साल झाले, मी बापाला म्हणून राहिलो, हळद शिजवायचा कुकर घेऊन द्या. ट्रॅक्टर घरचा हाये, हंगामात गावोगाव फिरवीन, भाडं खाईन. बाप म्हणतो, ट्रस्टमधून तुला दिलं तर तुझा दादा काय म्हणेल. तुझ्या बहिणीच्या नर्सिंगची फी भरली, उरलं ते तुला पाठवलं. मला दोन दिवाळ्या काही न्हाई. घरचाच म्हणून."

"मला काय माहीत हे?"

"तुला कसं माहीत होणार. तू फोनवर नुसता 'हं' म्हणतो ना, त्या हं ला बाप भितो. फोन ठेवला की आईला विचारतो, त्याचा आवाज कसा वाटला म्हणून." तो हसला, पण ग्लास रिकामा करून बाजूला बघत. "तू तिकडं टाईल वाजवतो म्हणे. इकडं बाप तुला वाजवून बघतो."

तो हे काकाच्या सांगण्यावरून बोलत असेल, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या मोटरसायकलचं मागचं टायर गुळगुळीत झालेलं मी बघितलं होतं, आणि टायरवाला भाडेकरू तर त्यांच्याच ओट्यावर बसतो. ज्याच्या बापाच्या हातात ट्रस्ट, त्या पोराला टायर बदलायला पैसे नाहीत. स्टेशनावर त्यानं माझी पिशवी डब्यात ठेवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि गाडी हलायच्या आधीच निघून गेला. मला तेव्हा कळलं की काका पत्रावळीकडं बघून वाढत नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बघून वाढत होता. मी हजार कोस लांब बसलेलो, तरी माझं तोंड त्याला रोज दिसत होतं. टॅक्स तर सरकारला जात होता. जे माझ्याकडं जास्तीचं येत होतं ते हळदीच्या कुकरचं होतं.

इथं आल्यावर मी बरेच दिवस काही कळवलं नाही. पट्ट्यावर टाईल येत राहिल्या आणि मी डोक्यात वाटण्या करत राहिलो. ट्रस्ट मोडला तर टॅक्स वाचतो, हे खरंच आहे. तिघांना तीन वाटे, कुणाला कुणाची भीती नाही. बहीण नोकरीला लागेल, तिचं भाडं तिला. भाऊ आपल्या वाट्यावर कर्ज काढून कुकर घेईल. सगळं सोपं. फक्त एकाच ठिकाणी माझं बोट अडायचं, आणि तिथला आवाज चांगला यायचा नाही. तुमी मला त्या पायरीवर बसवलं तेव्हा मी एवढासा होतो. माझ्याबद्दल तुमाला काय ठावं होतं? का तुमी माझ्याकडं बघून माझ्यातला बाप ओळखला? याचा मला राग येतो, आबा. माणूस काय होणार हे त्याच्या आधीच दुसऱ्यानं ठरवून ठेवावं, याचा कुणालाही येईल.

काल जेवणाच्या सुट्टीत काकाला फोन लावला. तो म्हणला, "बोल." मी म्हणलो, "मोडू नका." तिकडं कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न वाजला आणि थांबला. मी म्हणलो, "आन यंदा कुकर घेऊन द्या त्याला. माझं न्हाई आलं तरी चालेल."

"टॅक्स तसाच लागेल मग."

"लागू द्या."

"आता असं म्हणतो. मागून म्हणशील, काकानं आपल्या पोराला दिलं."

"म्हणीन बी कदाचित. माझ्या तोंडाचं सोडा. तुमी पत्रावळीकडं बघा."

काका म्हणला, "कान धरला होता तुझा, नरसीला. मागच्या पंगतीत मी बी वाढत होतो." आणि मग त्यानं विचारलं, काहून मोडायचं न्हाई म्हणतो, टॅक्ससाठीच तर एवढ्या लांबून आला होतास. मी म्हणलो, सुट्टी संपली, भोंगा झाला. भोंगा झाला नव्हता.

हा कागद मी कुठं टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पट्टा काढून खिळ्याला अडकवला आहे, त्याच्याकडं बघत लिहून राहिलो. काकाला जे कारण सांगितलं नाही ते हे आहे: एक गाळा माझ्या नावावर लिहिलेला असता, तर हैदराबाद सोडलं तेव्हाच मी तो विकला असता. कुणाला विकायचा तेही त्या वेळी मनात ठरलेलं होतं. हे तुमाला सांगून ठेवतो. तुमी आता कुणाला सांगायला जाणार.